सांधेदुखीच्या गोळ्या : पहिली स्ट्रिप फोडण्यापूर्वी

गुडघा, खांदा किंवा बोटांची पेरे दुखू लागली की आपल्याकडे उपचारांची सुरुवात पुष्कळदा दवाखान्याऐवजी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये होते. ‘दुखण्यावरची गोळी द्या’ एवढे सांगितले की दुकानदार दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कात्रीने कापून देतो. त्या तुकड्यावर औषधाचे नाव अर्धे असते, मात्रा अर्धी असते आणि मुदत संपण्याची तारीख दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर गेलेली असते. दुखणे दोन दिवसांत थांबते, ही गोळी ‘आपल्याला मानवते’ असे घरात ठरते, आणि मग ती कधी लग्नघरातल्या दगदगीनंतर, कधी एसटीच्या लांबच्या प्रवासानंतर आणि पुढे रोजच घेतली जाऊ लागते. संधिवाताचे निदान नुकतेच झालेल्या, किंवा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या औषधांची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे.

या गोळ्या वाईट आहेत असे मुळीच म्हणायचे नाही. ज्याला जिना उतरताना कठडा धरावा लागतो, त्याला वेदना सहन करण्याचा उपदेश करणे सोपे असते. मात्र एकच गोळी चाळीस वर्षांच्या निरोगी माणसाला पाच दिवस घेऊन काही होत नाही आणि सत्तरीच्या, बीपीच्या दोन गोळ्या चालू असलेल्या बाईंना त्याच पाच दिवसांत रुग्णालयात नेते, असे घडू शकते. धोका ठरतो तो घेणाऱ्याच्या वयावर, त्याच्या मूत्रपिंडावर आणि त्याच्या औषधांच्या डब्यात आधीपासून काय आहे त्यावर. म्हणून खालच्या पायऱ्या गोळी सुरू करण्याआधीच चढाव्यात. मात्रांचे जे आकडे दिले आहेत ते प्रौढांसाठीच्या सर्वसाधारण कमाल मर्यादा आहेत; आपली मात्रा आपल्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे.

पहिली पायरी : दुखणे कोणते, ते आधी ठरवून घ्यावे

बोलीभाषेत सगळ्याच सांधेदुखीला आपण ‘वात’ म्हणतो, पण औषधांच्या दृष्टीने त्यात निदान तीन निरनिराळी दुखणी दडलेली असतात. वयपरत्वे होणारी सांध्यांची झीज बहुधा गुडघ्यांना धरते, चालल्यावर वाढते, आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, सकाळी मूठ वळायला तासभर लागतो, आणि हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. तिसरे दुखणे युरिक ॲसिडचे, म्हणजे गाउटचे. त्यात एका रात्रीत पायाचा अंगठा लाल होऊन असा ठणकतो की चादरीचा स्पर्शही नकोसा होतो.

हा फरक करायचा कारण वेदनाशामक गोळीचा पहिला तोटा पोटाला किंवा मूत्रपिंडाला होत नाही, तो निदानाला होतो. आमवातात गोळीने दुखणे आणि सूज उतरते, परंतु सांध्याच्या आत चाललेली हानी थांबत नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून काढलेले सहा महिने म्हणजे नेमके ते सहा महिने, ज्यात योग्य औषध सुरू झाले असते तर बोटे वाकडी होणे टाळता आले असते.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ताप आणि सांधेदुखी एकदमच सुरू झाली, तर ती चिकुनगुनियाची असू शकते, तशीच डेंगीचीही असू शकते. डेंगीत प्लेटलेट्स कमी होतात आणि रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे रक्त तपासून डेंगी नाही असे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरे कुठलेही वेदनाशामक घेऊ नये. संधिवाताची गोळी रोज घेणाऱ्या रुग्णाने ताप आलेल्या दिवशी ती आपोआप चालू ठेवू नये, डॉक्टरांना विचारावे.

दुसरी पायरी : दुकानी नाव सोडून घटकाचे नाव वाचावे

स्ट्रिपवर कंपनीने ठेवलेले नाव चटकन डोळ्यांत भरते. औषधाचे खरे नाव त्याच्याजवळच छापलेले असते. वाचायचे आहे ते हे खरे नाव. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब, पायरॉक्सिकॅम, इंडोमेथासिन, मेफेनॅमिक ॲसिड आणि नायमेसुलाइड ही सगळी एकाच कुळातली औषधे आहेत. स्टेरॉइड नसलेली दाहशामके असे त्यांना म्हणतात. या लेखात त्यांना नुसते दाहशामके म्हटले आहे. या कुळातली दोन औषधे एकाच वेळी घेतल्याने दुखणे दुप्पट कमी होत नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात.

असे कोणी मुद्दाम करत नाही, ते नकळत होते. हाडांच्या डॉक्टरांनी ॲसिक्लोफिनॅकची गोळी दिलेली असते, दातांच्या डॉक्टरांकडून डायक्लोफिनॅक येते, आणि शेजारच्या काकूंनी ‘माझा गुडघा याने थांबला’ म्हणून एटोरिकॉक्सिब दिलेली असते. तिन्हींची दुकानी नावे एकमेकांशी जराही जुळत नाहीत. शिवाय ॲसिक्लोफिनॅकचा काही भाग शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतो, म्हणजे पहिल्या दोन गोळ्या तर अगदी सख्ख्या बहिणी.

आपल्या बाजारात एकाच गोळीत दोन-तीन घटक एकत्र करण्याची प्रथा फार आहे. ॲसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम ही जोडी सर्वांत परिचित. तिच्यात कधी सूज उतरवणारे म्हणून सेराशिओपेप्टिडेज, तर कधी स्नायू सैल करणारे औषध घातलेले असते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ संयुक्त औषधांवर बंदी घातली. त्यांत ॲसिक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम ही गोळी होती. अशा जोडगोळीबरोबर तापाची किंवा सर्दीची वेगळी गोळी घेतली की पॅरासिटामॉलची मात्रा कुणाच्या ध्यानात न येता वाढत जाते. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर नव्या रुग्णाने एका गोळीत एकच घटक असलेले औषध मागून घ्यावे. त्रास झालाच तर तो कशाने झाला हे निदान कळते.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांनी तर घटकांच्या नावांची यादी जवळ ठेवावीच. नायमेसुलाइड आणि एटोरिकॉक्सिब ही आपल्याकडे घरोघर आढळणारी औषधे तिथे मंजूरच झालेली नाहीत, त्यामुळे तिथल्या डॉक्टरला नुसते दुकानी नाव सांगून काहीही उलगडा होणार नाही. नायमेसुलाइडमुळे यकृताला क्वचित गंभीर इजा होते. फिनलंड आणि स्पेन यांनी २००२ साली ते बाजारातून काढले, आणि भारतात २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यास बंदी आहे. अधिक सुरक्षित पर्याय उपलब्ध असताना संधिवातासाठी ते महिनोन् महिने घेण्याचे कारण दिसत नाही.

तिसरी पायरी : औषधांचा डबा टेबलावर रिकामा करावा

एक कागद घ्यावा आणि डब्यातली प्रत्येक गोळी, घटकाच्या नावासह, त्यावर उतरवावी. बीपी, साखर, हृदय, थायरॉइड, झोप, मनाचा आजार, शेजारच्या वैद्यांचे चूर्ण, कशालाही वगळू नये. मग काही नावांखाली लाल रेघ मारावी. रक्त पातळ करणारी औषधे, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, ॲसेनोकुमारॉल आणि नव्या पिढीतील ॲपिक्सॅबॅनसारख्या गोळ्या, ही त्यांत पहिली. दुसरी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे. तिसरी नैराश्यावरची एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी औषधे, ज्यांचा पोटातल्या रक्तस्रावाशी संबंध असेल असे रुग्णाच्या मनातही येत नाही. चौथा गट बीपीच्या गोळ्यांचा. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयब्युप्रोफेनच्या बाबतीत एक वेळापत्रकही पाळावे लागते. आयब्युप्रोफेन आधी घेतले तर ते ॲस्पिरिनची जागा अडवते आणि ॲस्पिरिनचा रक्ताच्या गुठळ्या रोखण्याचा गुण त्या दिवसापुरता कमी होतो. म्हणून साधे ॲस्पिरिन घेतल्यावर किमान अर्ध्या तासाने, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तास आधी आयब्युप्रोफेन घ्यावे असे सांगितले जाते. हृदयरोग्याने खरे तर हे गणित सोडवत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडून दुसरा पर्याय मागावा हे उत्तम.

चौथी पायरी : पोट, मूत्रपिंड आणि हृदय यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा

ही औषधे शरीरात काय करतात हे एकदा समजले की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. सुजलेल्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि वेदना वाढवतात; दाहशामके ती तयार होऊ देत नाहीत. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली ॲस्पिरिनच्या बाबतीत हे दाखवून दिले आणि १९८२ साली नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. अडचण अशी की हीच द्रव्ये जठराचे अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही राखतात. गोळीला गुडघा कुठे आणि जठर कुठे हे कळत नाही.

पोटापासून सुरुवात करू. ‘उपाशीपोटी गोळी घेऊ नको, आधी काहीतरी खा’ हा घरोघरचा सल्ला जळजळ कमी करण्यापुरता ठीक आहे, पण अल्सर टाळण्याची हमी तो देत नाही, कारण अस्तराचे मुख्य नुकसान गोळी पोटात टेकल्याने होत नसून ती रक्तात मिसळल्यावर होते. कमरेवर घेतलेल्या इंजेक्शनने किंवा गुदद्वारातून घेतलेल्या औषधानेही अल्सर होऊ शकतो तो याच कारणाने. वय ६५ च्या पुढे असणे, पूर्वी अल्सर झालेला असणे, आणि तिसऱ्या पायरीतल्या लाल रेघेच्या पहिल्या तीन गटांतली औषधे चालू असणे यांनी हा धोका वाढतो. अशा रुग्णाला डॉक्टर पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा रॅबेप्राझोल देतात. ती सकाळच्या खाण्याच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायची असतात, जेवणानंतर आठवण झाली म्हणून नव्हे.

‘पित्ताची गोळी सोबत आहे, मग काळजी कसली’ हे वाक्य मात्र आपल्या बोलण्यातून काढून टाकलेले बरे. पित्ताची गोळी जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग सांभाळते. त्यापुढच्या आतड्याचे ती रक्षण करत नाही आणि मूत्रपिंड व हृदय यांच्याशी तर तिचा काही संबंधच नाही. तिच्या भरवशावर दुखण्याच्या गोळ्यांची संख्या वाढवणे म्हणजे हेल्मेट घातले म्हणून ब्रेक नसलेली गाडी चालवणे होय.

अल्सर दुखतोच असेही नाही. वेदनाशामक घेतलेल्या वृद्ध माणसात तो मुकाट्याने वाहत राहतो आणि पहिले लक्षण म्हणून थकवा, धाप किंवा रक्त कमी झाल्याचा अहवाल समोर येतो. डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली तर ती रक्तस्रावाची खूण समजून त्याच तासाला रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते हे खरे, परंतु ती शंका डॉक्टरांनी फेडावी. घरी बसून ‘लोहामुळे असेल’ असा निर्वाळा देऊ नये.

मूत्रपिंडाचा हिशेब अधिक चोरटा आहे, कारण तिथे काही दुखतच नाही. मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक वाहिनी मोकळी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करते आणि दाहशामकाने ती आकसते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड अशी लघवी वाढवणारी औषधे शरीरातले पाणी कमी करतात. धरणातला साठा घटला, पाटाचे वरचे तोंड अरुंद झाले आणि खालचा दरवाजा उघडा राहिला, तर शेतापर्यंत पाण्याचा दाब पोचणार नाही. तिन्ही औषधे एकत्र आली की मूत्रपिंडाच्या गाळण्यांचे तसेच होते. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध आपल्याकडे पुष्कळदा एकाच गोळीत असते, म्हणजे या तिकडीतली दोन औषधे रुग्ण आधीच घेत असतो आणि तिसरे तो चिठ्ठीशिवाय विकत आणतो.

अशा वेळी काही जण ‘गोळ्यांनी किडनी जाते’ या भीतीने बीपीचीच गोळी सोडतात आणि गुडघ्याची चालू ठेवतात. हे अगदी उलटे झाले. वाढलेला रक्तदाब हा मूत्रपिंडाचा स्वतंत्र शत्रू आहे. सोडायची, किंवा निदान डॉक्टरांना विचारायची, ती दुखण्याची गोळी. दाहशामके शरीरात मीठ आणि पाणी अडवून ठेवतात, त्यामुळे बीपीही चढते आणि बीपीच्या गोळीचा परिणाम कमी होतो. पायांवर नवी सूज आली, वजन दोन-चार दिवसांत वाढले किंवा लघवी कमी झाली, तर गोळी थांबवून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक, तपासावे. मूत्रपिंडाची क्षमता दाखवणारा ईजीएफआर हा आकडा ३० च्या खाली असेल तर ही औषधे टाळायचीच असतात.

शरीरातले पाणी कमी होण्याचे प्रसंग आपल्या आयुष्यात कमी नाहीत. जुलाब-उलट्या, निर्जळी उपास, वैशाखातले उन्हातले काम, ऊसतोडीचा हंगाम, आषाढीची पायी वारी, या दिवसांत अंग दुखते म्हणून गोळी घेतली जाते आणि नेमके याच दिवसांत ती मूत्रपिंडाला सर्वांत जड जाते. वारीला निघणाऱ्या वयस्कर माणसाने पिशवीत गोळ्यांची स्ट्रिप टाकण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एवढे तरी विचारून घ्यावे की जुलाब लागले तर कोणकोणत्या गोळ्या थांबवायच्या. गिधाडांची गोष्ट येथे सहज आठवते. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, हे २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून पुढे आले आणि भारताने २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद केले. माणसाचे शरीर हे औषध पुष्कळ चांगले हाताळते, त्यामुळे त्या गोष्टीने दचकू नये. पण ज्या अवयवावर घाव पडला तो लक्षात ठेवावा.

हृदयाच्या बाबतीत वैद्यकाला हा धडा उशिरा आणि महागात मिळाला. पोटाला सौम्य म्हणून १९९९ साली आलेले रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका वाढवते असे दिसल्यावर मर्क कंपनीने ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतले. भारतातही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यावर बंदी आली. पुढे हा धोका कमीअधिक प्रमाणात सगळ्याच कुळात आहे हे स्पष्ट झाले. तो केवढा, याचा अंदाज ऑक्सफर्डच्या पुढाकाराने अनेक चाचण्या एकत्र तपासून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून येतो : डायक्लोफिनॅक दिवसाला १५० मिलिग्रॅम या मात्रेत एक हजार माणसांनी वर्षभर घेतले, तर हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या साधारण तीन जादा घटना घडतात आणि त्यांतली एक जीव घेते. निरोगी तरुणाला हा आकडा लहान वाटेल. ज्याला आधीच एक स्टेंट बसला आहे त्याला तो लहान वाटण्याचे कारण नाही. त्याच अभ्यासात नॅप्रोक्सेनचा हृदयाला होणारा त्रास सर्वांत कमी आढळला, पोटाला मात्र ते सौम्य नव्हे. पोट आणि हृदय दोन्ही सांभाळील अशी गोळी या कुळात जन्मलेली नाही, असेच म्हणावे लागते. बीपी १४०/९० च्या वर राहत असेल तर एटोरिकॉक्सिब घेऊ नये. त्याची १२० मिलिग्रॅमची गोळी गाउटच्या तीव्र झटक्यासाठी, तीही जास्तीत जास्त आठ दिवसांसाठी आहे. गुडघ्याच्या झिजेवर तिची कमाल मात्रा दिवसाला ६० मिलिग्रॅम आहे. घरात १२० ची स्ट्रिप ‘भारी गोळी’ म्हणून जपून ठेवलेली असेल तर तिच्याकडे या दृष्टीने एकदा पाहावे.

दमा असलेल्यांपैकी काहींना, विशेषतः नाकात कोंब वाढलेल्यांना, ॲस्पिरिन किंवा दाहशामकाने एकाएकी धाप लागते. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगितल्याखेरीज घेऊ नयेत. मेफेनॅमिक ॲसिडविषयी भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस इशारा दिला होता : क्वचित प्रसंगी गोळी सुरू केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ आणि गाठींची सूज येऊन यकृतासारख्या आतल्या अवयवांना इजा होते. इतक्या उशिरा आलेल्या पुरळाचा गोळीशी संबंध लावायला रुग्ण विसरतो.

पाचवी पायरी : कमी धोक्याकडून सुरुवात करावी

गुडघा किंवा हाताची बोटे एवढ्यापुरतीच झीज असेल तर डायक्लोफिनॅकची जेल हा आपल्याकडे विनाकारण दुर्लक्षिलेला उपाय आहे. त्वचेवर लावलेल्या औषधाचा अगदी थोडा भाग रक्तात जातो, त्यामुळे पोट, मूत्रपिंड आणि हृदय यांवरचा भार पुष्कळ कमी राहतो. ती डॉक्टर सांगतील तेवढी, दिवसातून तीन-चार वेळा आणि काही आठवडे नियमाने लावावी लागते; दुखले की बोटभर चोळून चालत नाही. जखमेवर लावू नये, वरून शेकाची पिशवी ठेवू नये, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत. जेलबरोबर त्याच कुळातली गोळीही चालू असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगावी.

पॅरासिटामॉल पोटाला आणि मूत्रपिंडाला दाहशामकांपेक्षा सौम्य आहे, पण झिजेच्या दुखण्यावर त्याचा गुण माफक येतो. दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. वजन कमी असलेल्या, वृद्ध, यकृताचा आजार असलेल्या किंवा दारू पिणाऱ्या माणसासाठी ती डॉक्टर आणखी खाली आणतात. ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे २.६ ग्रॅम, हा हिशेब स्ट्रिपवरच लिहून ठेवावा. मात्रा फार जास्त झाली असेल तर पहिला दिवस काहीच जाणवत नाही आणि यकृत मात्र बिघडत असते. त्यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.

ट्रामाडॉल हे अफूच्या कुळाशी नाते सांगणारे औषध आहे. मळमळ, बद्धकोष्ठ, चक्कर येऊन पडणे, आणि फिट येण्याचा धोका हे त्याचे त्रास. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ते विशेष जपून द्यावे लागते. सवय लागण्याच्या शक्यतेमुळे २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. जुनाट संधिवातासाठी ते नेहमीचे औषध होऊ शकत नाही.

वजन उतरवणे आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांनी गोळ्यांची गरजच घटते, हे सगळेच सांगतात आणि म्हणून कोणी ऐकत नाही. फिजिओथेरपिस्टकडून चार व्यायाम नीट शिकून घेण्याचा खर्च गोळ्यांच्या खर्चाशी एकदा ताडून पाहावा.

गोळी लागलीच तर ती कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्यावी, आणि बंद करण्याची तारीख सुरू करतानाच दिनदर्शिकेवर लिहावी. ज्यांना ती दीर्घकाळ घ्यावी लागणार आहे त्यांनी सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि बीपी नोंदवून ठेवावे. वृद्ध किंवा बीपीचे रुग्ण असतील तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तसे तपासावे. सुरुवातीचा आकडा हाती नसेल तर पुढचा आकडा वाढला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

सहावी पायरी : पुडी, इंजेक्शन आणि ‘शुगरची भीती नसलेले’ चूर्ण

सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या देणारी ठिकाणे गावोगाव आहेत. एका पुडीत पाच वर्षांचे दुखणे थांबले, अंगावर मांस चढले, भूक वाढली, असा ज्यांचा लौकिक असतो त्या पुडीत स्टेरॉइड कुटून घातलेले असण्याची शंका घ्यावी. तोंड चंद्रासारखे गोल होणे, जरा धक्का लागताच अंगावर काळेनिळे डाग पडणे, आणि मधुमेह नसताना साखर वाढणे या त्याच्या खुणा. महिनोन् महिने घेतलेल्या स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मोतीबिंदू लवकर येतो आणि दबलेला क्षयरोग डोके वर काढतो.

याचा दुसरा धोका पहिल्याइतकाच मोठा आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. मग पुडी एकदम बंद केली तर कमालीची अशक्तता, उलट्या, बीपी खाली जाणे असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. म्हणून पुडीविषयी शंका आली तरी रागाने ती उकिरड्यावर फेकू नये. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि मात्रा हळूहळू कशी उतरवायची ते विचारावे. डॉक्टरांनी दिलेल्या प्रेडनिसोलोनलाही हाच नियम लागू आहे. सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन हा वेगळा आणि योग्य हाती उपयुक्त उपाय आहे, मात्र मधुमेह्यांनी त्यानंतरचे काही दिवस साखर तपासत राहावे.

आयुर्वेदिक औषधांपैकी धातूंची भस्मे असलेले गुग्गुळ कल्प नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावेत. ‘साइड इफेक्ट नाही’ एवढीच ओळ ठळक आणि घटकांची यादी गायब, अशी बाटली फडताळावरच राहू द्यावी.

सातवी पायरी : आमवाताच्या रुग्णांसाठी एक वार

आमवाताचे निदान झाल्यावर बहुतेकांच्या चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट येते. ते वेदनाशामक नव्हे. आजारालाच आवर घालणारे औषध आहे आणि गुण यायला काही आठवडे लागतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेल्यास तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, आणि अशा चुकीने जगभर माणसे दगावली आहेत. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा, ‘रविवार’ असे मराठीत मोठ्या अक्षरांत. आणि गोळ्या भरण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे ठेवावे. सोबत फॉलिक ॲसिड सांगितलेले असते, ते सांगितलेल्या वारीच घ्यावे, दोन्ही पिवळट गोळ्यांची गल्लत होऊ देऊ नये.

माहितीपत्रक वाचून ‘हे तर कॅन्सरचे औषध’ म्हणून ते सोडून देणारेही बरेच असतात. आमवातातली मात्रा कर्करोगातल्या मात्रेच्या मानाने अगदी लहान असते. रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन यांच्या तपासण्या मात्र चुकवू नयेत, दारू टाळावी, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर पुरेसा आधी डॉक्टरांशी बोलावे. लघवीच्या संसर्गासाठी कोणी कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देऊ लागले तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे आवर्जून सांगावे. ही जोडी धोक्याची आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवातावरचे दुसरे औषध घेणाऱ्यांनी सुरुवातीला डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी.

आठवी पायरी : त्रास झालाच तर

छातीत दाब, एका बाजूची अशक्तता, बोबडे बोलणे, काळी शौच, रक्ताची उलटी, ओठ किंवा चेहरा सुजणे, धाप, डोळे पिवळे होणे, तोंड किंवा कातडी सोलवटणे, लघवी जवळजवळ बंद होणे, यांतले काहीही दिसले तर पुढची गोळी घेऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. जाताना तिसऱ्या पायरीतला कागद बरोबर न्यावा; तातडीच्या विभागात तो फाइलच्या जाड गठ्ठ्यापेक्षा उपयोगी पडतो.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाला स्वतःही करता येते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत देशभर औषधांवर लक्ष ठेवण्याचा कार्यक्रम चालतो. त्याचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि सामान्य रुग्णासाठी वेगळा अर्जही आहे. मेफेनॅमिक ॲसिडचा इशारा याच कार्यक्रमात आलेल्या नोंदींमधून निघाला होता. तक्रार नोंदवताना औषधाचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक, गोळी सुरू केल्याची आणि त्रास सुरू झाल्याची तारीख सांगता आली पाहिजे, आणि बॅच क्रमांक स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेला असतो. म्हणून मेडिकलमध्ये कापलेला तुकडा न घेता पूर्ण स्ट्रिप मागावी, बिल घ्यावे, गोळ्या उलट्या टोकाकडून फोडत यावे, आणि रिकामी स्ट्रिप पुढचे दोन महिने त्याच डब्यात राहू द्यावी.